संगणकाचे दप्तर

मुलांनो, 'दप्तर' हा शब्द तुम्ही रोज वापरता. सकाळी पाठीला अडकवून शाळेत आणता, ते दप्तर. घरी उर्दूत 'दफ्तर' म्हटले, की मात्र डोळ्यांपुढे कचेरी उभी राहते. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. जुनी पत्रे, हिशेब आणि कागदपत्रे जिथे जपून ठेवतात, त्यालाही दप्तरच म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तराचे नाव तुमच्या कानांवर आले असेल. संगणकालाही असे एक दप्तर असते. त्याची ओळख आज करून घ्यायची आहे. पण त्याआधी आपण एका गावाला जाऊन येऊ.

रायगड जिल्ह्यात पनवेल आणि उरण यांच्या परिसरात चिरनेर नावाचे गाव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी या गावाजवळ, अक्कादेवीच्या डोंगरावर, जंगल सत्याग्रह झाला. इंग्रज सरकारने जंगलातील गवत आणि लाकूड तोडण्यावर बंधने घातली होती. ती मोडण्यासाठी आजूबाजूच्या गावांतील शेतकरी, कोळी आणि कातकरी हजारोंच्या संख्येने जमले. पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी होते. बाकीचे जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे अशा जवळपासच्या गावांचे होते. चिरनेरला त्यांचे स्मारक आहे. तेथील गणपतीच्या मंदिरातील खिडकीच्या गजावर गोळीची खूण आहे, ती गावकरी आजही पाहुण्यांना दाखवतात. दगडाने नावे लक्षात ठेवली आणि लोखंडाने गोळी!

आता अशी कल्पना करा, की तुमच्या वर्गाची सहल चिरनेरला गेली आहे. स्मारक पाहून झाल्यावर एका घराच्या ओटीवर एक आजोबा भेटले. त्यांचे वडील त्या दिवशी डोंगरावर होते. वडिलांनी सांगितलेली हकिकत आजोबा तुम्हांला सांगू लागले. लोक कोणत्या वाटेने वर गेले, कोणाच्या हातात कोयता होता, गोळ्या सुटल्यावर वडील कोणत्या झाडामागे लपले. तुमच्यापैकी एकाने शहाणपणा केला. बाईंचा मोबाइल घेऊन त्याने ते सगळे बोलणे ध्वनिमुद्रित केले. दहा मिनिटांचे बोलणे. शाळेत परतल्यावर ते संगणकात उतरवून घेतले.

१९३० साली तिथे हजर असलेली माणसे आता राहिली नाहीत. ज्यांनी ती हकिकत आईवडिलांच्या तोंडून ऐकली, तेही आता म्हातारे झाले आहेत. म्हणजे हे दहा मिनिटांचे बोलणे पुन्हा मिळेलच असे नाही. मग ते संगणकात नेमके कुठे गेले? आणि तिथे ते किती दिवस राहील?

संगणकात आठवण ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक वर्गातल्या फळ्यासारखी. तास चालू आहे तोवर फळ्यावर गणित असते, तास संपला की पुसले जाते. संगणकाच्या या फळ्याला 'रॅम' म्हणतात. वीज गेली, की रॅममधले सारे जाते. वीज जाण्यापूर्वी 'सेव्ह' केले नाही म्हणून निबंध गेला, अशी तक्रार तुम्ही केली असेल. तो निबंध फळ्यावरच होता, दप्तरात गेलाच नव्हता.

दुसरी जागा म्हणजे दप्तर. वीज बंद केली तरी तिथले लिखाण तसेच राहते. पूर्वी या कामासाठी सर्वत्र 'हार्ड डिस्क' वापरत. आता नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा 'एसएसडी' असते. 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' हे तिचे पूर्ण नाव.

आधी हार्ड डिस्क कशी असते ते पाहू, म्हणजे फरक कळेल. तुमच्या नानांच्या काळी लग्नात लाउडस्पीकरवाला तबकड्या लावून गाणी वाजवत असे. तबकडी फिरते, तिच्यावर सुई टेकलेली असते आणि गाणे ऐकू येते. हार्ड डिस्कमध्येही चकचकीत तबकड्या फिरतात. त्यांच्यावर चुंबकाने लिहिलेले असते. फरक एवढाच, की वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही, अगदी केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत राहते. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र विक्रीला आणले. त्यात दोन दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या. ते यंत्र कपाटाएवढे मोठे होते आणि त्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे! आपल्या आजोबांचे दहा मिनिटांचे बोलणेसुद्धा त्यात पुरते मावले नसते.

पुढे तबकड्या लहान झाल्या आणि त्यांत मावणारा मजकूर अफाट वाढला. पण फिरणे काही सुटले नाही. नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हा वेग तुम्हांला फार वाटेल, पण संगणकाला तो पुरत नाही. हवी ती जागा टोकाखाली येईपर्यंत त्याला थांबावे लागते, एसटीच्या थांब्यावर आपण गाडीची वाट पाहतो तसे. एका वेळी हे थांबणे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढेच असते. पण संगणक सुरू होताना त्याला हजारो लहान लहान गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणाव्या लागतात आणि थेंबे थेंबे तळे साचते. शिवाय फिरता लॅपटॉप हातून पडला, तर ते तरंगणारे टोक तबकडीवर आपटते आणि तबकडीला चरा पडतो.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. उघडून पाहिली, तर हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर बसवलेल्या चार-दोन काळ्या चिप दिसतात, बस्स. तबकडी नाही, सुई नाही, आवाज नाही. काही लोक सवयीने तिलाही 'डिस्क' म्हणतात. म्हणू द्या. मोबाइलमधली साठवण, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह ही सारी तिचीच भावंडे आहेत. म्हणजे आजोबांचे बोलणे मोबाइलमध्ये होते, तेव्हाच ते अशा चिपमध्ये लिहिले गेले होते.

आता खरी गंमत. चिपमध्ये शाई नाही, चुंबक नाही. मग लिहितात कशाने?

संगणकाला दोनच खुणा कळतात, शून्य आणि एक. आवाज, चित्र, अक्षर, सारे काही याच दोन खुणांत लिहिलेले असते. अशा आठ खुणा एकत्र आल्या, की त्याला एक 'बाइट' म्हणतात. तुमच्या कामाचे एक उदाहरण देतो. 'याद' हा शब्द उर्दूत लिहिताना ये, अलिफ आणि दाल अशी तीन अक्षरे लागतात. आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत उर्दूच्या प्रत्येक अक्षराला २ बाइट लागतात, म्हणजे 'याद' ६ बाइटमध्ये मावतो. देवनागरीत त्याचे य, काना आणि द असे तीन भाग होतात आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात. म्हणून मराठीतल्या त्याच शब्दाला ९ बाइट जागा लागते. (याच 'याद'पासून मराठीत 'यादी' आला. आपण बाजाराची यादी करतो ती विसरू नये म्हणूनच.)

या खुणा ठेवण्यासाठी चिपमध्ये अतिशय सूक्ष्म कोठड्या असतात. एका चिपमध्ये त्यांची संख्या अब्जांत मोजावी लागते. एक कोठडी कशी असते, हे समजण्यासाठी मातीच्या माठाकडे पाहा. कोठडी म्हणजे एक इवलासा माठ समजा. त्यात पाण्याऐवजी विजेचे कण भरायचे असतात. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही त्यांना इलेक्ट्रॉन म्हणून ओळखता. या माठाला तोंडच नाही! चारही बाजूंनी विजेला अडवणाऱ्या पदार्थाची भिंत आहे. विजेचा जोराचा दाब दिला, की कण ती पातळ भिंत पार करून आत शिरतात. दाब काढला, की ते आतच अडकतात. भरलेला माठ म्हणजे शून्य आणि रिकामा माठ म्हणजे एक, असे ठरवलेले आहे. वाचताना संगणक माठात डोकावत नाही. माठाच्या शेजारून एक वाट जाते. आत कण असतील तर त्या वाटेने वीज सहज जाऊ शकत नाही, नसतील तर जाते. यावरून आत काय आहे ते त्याला कळते.

वीज बंद केली तरी कण आतच राहतात. म्हणून आजोबांचे बोलणे रात्रभर संगणक बंद असतानाही जिथल्या तिथे राहते.

ही युक्ती एका माणसाची नाही. भिंतीआड कण अडकवण्याची कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६७ साली दोघा शास्त्रज्ञांनी मांडली. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिच्यापासून आजची चिप घडवली. अनेक कोठड्या एकदम, क्षणात पुसल्या जातात हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून या चिपला 'फ्लॅश' हे नाव पडले. १९८८ साली अमेरिकेत तिघांनी मिळून सनडिस्क नावाची कंपनी काढली, तिलाच पुढे सॅनडिस्क म्हणू लागले. त्या तिघांपैकी एक, संजय मेहरोत्रा, आपल्या कानपूरचे. या कंपनीने १९९१ साली आयबीएमसाठी अशी ड्राइव्ह बनवली. तिच्यात २० एमबी, म्हणजे सुमारे दोन कोटी बाइट मावत. किंमत होती जवळजवळ एक हजार डॉलर.

आपल्या आजोबांचे दहा मिनिटांचे बोलणे साध्या प्रतीच्या मुद्रणात सुमारे १० एमबी होते. म्हणजे १९९१ सालच्या त्या महागड्या ड्राइव्हमध्ये ते फक्त दोनदा मावले असते. आज बाजारात मिळणाऱ्या २५६ जीबीच्या एसएसडीत ते पंचवीस हजारांहून अधिक वेळा मावेल. २५६ जीबीची ड्राइव्ह विकत घेऊन संगणकाला जोडली, की पडद्यावर २३८ जीबीच दिसतात आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. दुकानदाराने फसवलेले नसते. बनवणारा एक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक बहुधा १०२४ च्या पटीत. वस्तू तेवढीच, मापे दोन.

एवढ्याशा चिपमध्ये इतके मावते, त्यामागे दोन युक्त्या आहेत. एक तुम्ही मुंबईत पाहिलीच आहे. जमीन अपुरी पडली, की माणसे मजल्यावर मजले चढवतात. चिपमध्येही कोठड्यांचे थर एकावर एक रचले जातात आणि आता त्यांनी दोनशेचा आकडा ओलांडला आहे. दुसरी युक्ती अधिक चतुर आहे, पण धोक्याचीही. माठ 'भरलेला' किंवा 'रिकामा' एवढेच न पाहता त्यावर रेघा मारल्या तर? पाव, अर्धा, पाऊण, असे ओळखता आले, तर एकाच माठात जास्त खुणा ठेवता येतील. आजच्या पुष्कळ एसएसडींमध्ये एका कोठडीत तीन खुणा ठेवतात, त्यासाठी आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार खुणा ठेवायच्या तर सोळा पातळ्या. पण रेघा जितक्या जवळ, तितकी वाचताना चूक होण्याची भीती अधिक. थोडेसे पाझरले, तरी एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर!

पाझरते का? होय, पाझरते. माठ पाझरतो तसेच. विजेचे कण भिंतीतून अतिशय सावकाश निसटत असतात. नव्या ड्राइव्हमध्ये ते इतके हळू निसटतात, की वर्षानुवर्षे काही कळत नाही. पण प्रत्येक वेळी लिहिताना आणि पुसताना कण जोराने भिंतीतून ढकलले जातात. त्यामुळे भिंत झिजते. तीन खुणांची कोठडी साधारणपणे एक ते तीन हजार वेळा पुसून लिहिता येते. एकच खूण ठेवणारी कोठडी लाखभर वेळा टिकते, पण ती महाग पडते.

एक ते तीन हजार हा आकडा ऐकून घाबरू नका. चिपच्या शेजारी बसलेला एक हुशार कारभारी ही झीज सर्वांत वाटून देतो. त्याला 'कंट्रोलर' म्हणतात. वर्ग झाडण्याच्या पाळ्या लावतात ना, तसे तो प्रत्येक कोठडीला पाळीपाळीने काम देतो. एकाच बिचारीला रोज राबवत नाही. त्याला आणखीही एक अडचण सोडवावी लागते. या चिपमध्ये लिहिता येते एकेका पानावर, पण पुसताना पानांचा आख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. वहीतली एक ओळ खोडण्यासाठी सगळी वही पुसायची, असा हा विचित्र नियम! म्हणून कारभारी कामाची पाने दुसऱ्या गठ्ठ्यात उतरवून घेतो आणि मगच जुना गठ्ठा पुसतो. ड्राइव्ह अगदी काठोकाठ भरली, तर त्याला हलवाहलव करायला जागा उरत नाही आणि कामाचा वेग मंदावतो. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

शाळेतला जुना, कुरकुरणारा संगणक टाकून देण्यापूर्वी हे लक्षात ठेवा. त्याची हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली, की तो पुष्कळदा नव्या उत्साहाने चालू लागतो. हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे शंभराव्या भागात एसएसडी ती शोधते. मोठी फाइल उतरवून घेण्याचा वेगही तिपटी-चौपटीने वाढतो. माझ्या मते शाळेच्या थोड्याशा पैशात होणारी ही सर्वांत चांगली दुरुस्ती आहे.

मग हार्ड डिस्क संपली का? नाही. तेवढ्याच पैशात ती पुष्कळ अधिक साठवते. म्हणून मोठमोठ्या साठवणघरांत दोन्ही वापरतात. असे एक प्रचंड साठवणघर चिरनेरपासून फार दूर नाही. २०२० साली पनवेलला यॉट्टा कंपनीचे 'डेटा सेंटर' सुरू झाले. लोक म्हणतात, 'फोटो क्लाउडवर ठेवले.' क्लाउड म्हणजे ढग. पण हे ढग आकाशात नसतात. ते अशाच इमारतींत, रांगेने उभ्या केलेल्या कपाटांत असतात. तिथे अखंड वीज आणि गारवा लागतो.

आता आजोबांच्या बोलण्याकडे परत येऊ. ते शाळेच्या संगणकात, एसएसडीवर आहे. लॅपटॉप बाकावरून पडला तरी बहुधा ते वाचेल. पण तीन गोष्टी तुम्हांला ठाऊक असायला हव्यात.

पहिली गोष्ट पुसण्याची. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा जाणकार माणूस परत मिळवून देतो, कारण चुंबकाच्या खुणा लगेच जात नाहीत. एसएसडीत मात्र तुम्ही फाइल पुसली, की संगणक कारभाऱ्याला कळवतो, 'ही पाने आता नकोत.' कारभारी सवडीने ती खरोखरच पुसून टाकतो. मग कोणाचाही इलाज चालत नाही.

दुसरी गोष्ट बिघडण्याची. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कटकट आवाज करते, घरचे सावध होतात. एसएसडीला आवाजच नाही. काल चालत होती, आज संगणकाला दिसतच नाही, असे होऊ शकते. कारभारीच बिघडला, तर माठ भरलेले असूनही कोणता माठ कशाचा हे सांगणारा कोणी राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. कोणी म्हणेल, 'एवढे मोलाचे बोलणे आहे, ते एका ड्राइव्हवर घालू आणि कपाटात कुलूप लावून ठेवू.' सोने असे ठेवता येते. एसएसडी तशी ठेवू नये. या ड्राइव्हसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे, त्यात घरगुती एसएसडीकडून एवढीच अपेक्षा केली आहे: तिचे ठरलेले आयुष्य वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंश तापमानात तिने मजकूर एक वर्ष टिकवावा. कमी वापरलेली ड्राइव्ह याहून कितीतरी जास्त टिकते. पण उष्णता वाढली, की पाझर वाढतो. आपल्या कोकणात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या कपाटात किती उकडते, ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून ठेवणीतली ड्राइव्ह काही महिन्यांनी संगणकाला जोडावी, फाइल उघडून ऐकावी आणि काही वर्षांनी सगळे नव्या ड्राइव्हवर उतरवावे. पाढे पाठ झाले तरी अधूनमधून म्हणावे लागतातच की!

आणि एका जागी कधीच ठेवू नये. मराठीत आपण 'नक्कल' म्हणतो, तो तुमचा 'नक्ल' हाच शब्द. जुन्या दप्तरांतले कारकून महत्त्वाच्या कागदाची नक्कल करून ती दुसरीकडे ठेवत. आग लागली, वाळवी लागली, तरी एक कागद वाचे. तुम्हीही तसेच करा. एक प्रत शाळेच्या संगणकात, एक हार्ड डिस्कवर बाईंच्या घरी आणि एक क्लाउडवर. तीन ठिकाणी एकाच दिवशी संकट येणे कठीण. आणखी एक काम कागदावर करा. ड्राइव्हला चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर गाव, तारीख आणि कोण बोलले ते लिहा. 'नवी फाइल ७' असे नाव पाहून दहा वर्षांनी कोणाला काय कळणार?

पुढच्या २५ सप्टेंबरला चिरनेरला जाल, तेव्हा आजोबांच्या घरी एक प्रत देऊन या. त्यांच्या नातवाला माठाची गोष्ट सांगा. ड्राइव्ह कपाटात टाकून विसरू नकोस, वर्षातून एकदा तरी संगणकाला लाव आणि ओटीवर बसून सगळ्यांना ऐकव, असे त्याला बजावून या.

स्वाध्याय

१. रॅमला 'फळा' आणि एसएसडीला 'दप्तर' का म्हटले आहे?
२. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी तबकडी एका सेकंदात किती फेऱ्या घेते?
३. 'याद' या शब्दाला उर्दूत ६ आणि देवनागरीत ९ बाइट लागतात. तुमचे स्वतःचे नाव दोन्ही लिप्यांत लिहा आणि बाइट मोजा.
४. 'सोने असे ठेवता येते. एसएसडी तशी ठेवू नये.' असे लेखक का म्हणतो?
५. दप्तर, याद, नक्कल यांसारखे मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे असलेले पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ दोन्ही भाषांत सारखेच आहेत का, ते घरी विचारा.
६. तुमच्या दादी किंवा नानी यांना त्यांच्या लहानपणची एक हकिकत विचारा. ती ध्वनिमुद्रित करा आणि तिच्या प्रती कुठे कुठे ठेवल्या, ते पाच ओळींत लिहा.